बंड्याचं रक्त थांबेना

कावीळ माणसांना होते हे आपल्याला ठाऊक असतं. ती कुत्र्यालाही होते, हे आमच्या घरात सर्वांत आधी ओळखलं ते भांडी घासायला येणाऱ्या बाईंनी. बंड्या नेहमीसारखा दारात आडवा पसरला होता. त्याला ओलांडता ओलांडता त्या थबकल्या, खाली वाकल्या, बोटानं त्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "अक्का, नायीगे कामाले!" म्हणजे, कुत्र्याला कावीळ. कन्नडमधली कामाले आणि आपली कावीळ या बहिणी असाव्यात आणि आयुर्वेदातली कामला त्या दोघींची आई असावी. अर्थात हे मला पुष्कळ नंतर सुचलं. त्या वेळी मी नुसती पाहत राहिले. बंड्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग हळद लावल्यासारखा दिसत होता. हिरड्याही तशाच. नोव्हेंबर २०२३ मधली ही गोष्ट.

बंड्या आमचा लॅब्राडोर. तेव्हा त्याला सातवं संपून आठवं लागलं होतं. वजन बत्तीस किलो. नाव सासूबाईंनी ठेवलेलं. इथले शेजारी त्याला 'बंडी' म्हणतात. कन्नडमध्ये बंडी म्हणजे गाडी आणि आमच्या नागपूरकडच्या नातेवाइकांच्या बोलीतही बंडी म्हणजे बैलगाडीच. त्यामुळे हे नाव त्याच्या अंगापिंडाला दोन्ही भाषांत शोभून दिसतं.

सासूबाईंनी कावीळ हा शब्द ऐकला आणि त्यांनी लगेच गावाकडे फोन लावायची तयारी केली. वाईजवळच्या त्यांच्या खेड्यात काविळीची माळ देणारे एक गृहस्थ आहेत. ती माळ डोक्यावर ठेवायची आणि कावीळ उतरेल तशी ती लांबत जाऊन गळ्यात येते, असा समज. मी म्हटलं, "आई, बंड्या ती माळ खाऊन टाकेल." हे त्यांना पटलं आणि आम्ही डॉक्टरांकडे निघालो.

आम्ही राहतो ते व्हाइटफील्ड आता बंगळूरचाच भाग झालं आहे. मार्च २०२३ पासून मेट्रोही आली. पण मूळचं गाव निराळं. १८८२ साली डी. एस. व्हाइट नावाच्या गृहस्थांनी म्हैसूरच्या महाराजांकडून जमीन मिळवून अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी ही वसाहत उभारली. मधोमध गोल मैदान, भोवती कौलारू बंगले, आवारात फळझाडं. त्या जुन्या गोलाचा माग 'इनर सर्कल'मध्ये अजून दिसतो. उरलेलं सगळं सॉफ्टवेअर कंपन्या आणि आमच्यासारख्यांच्या उंच इमारती. अशा इमारतींत कुत्री पुष्कळ आणि कुत्र्यांवरून होणारी भांडणं त्याहून जास्त. जनावरांचे दवाखाने मात्र चांगले निघाले आहेत, हेही खरं.

आमचे डॉक्टर तरुण आहेत. हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. १९५८ साली सुरू झालेलं हे कॉलेज बंगळूरकरांना सवयीचं आहे. जनावर आजारी पडलं आणि कुठे काही जमलं नाही की 'हेब्बाळला न्या' असंच सगळे म्हणतात. डॉक्टरांनी बंड्याचं पोट चाचपलं, ताप पाहिला आणि तपासणीसाठी रक्त घेतलं. एरवी ते मानेतून घेतात, त्या दिवशी मात्र मागच्या पायातून घेतलं. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "पायावर दाबून धरता येतं, पट्टी बांधता येते. मानेत आत रक्त साचायला लागलं तर श्वास अडेल." त्यांना आधीच काही तरी शंका आली होती.

शंका खरी ठरली. सुई काढली आणि तिथून रक्त झिरपत राहिलं. धार नव्हती, नुसतं झिरपणं. आमच्या 'ह्यांनी' कापूस दाबून धरला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कापूस उचलला की पुन्हा लाल थेंब. आपलं बोट विळीवर कापलं तर चुन्याची किंवा हळदीची चिमूट लावून आपण पुन्हा भाजी चिरायला घेतो. दोन-चार मिनिटांत रक्त थांबणार हे आपण इतकं गृहीत धरतो, की ते थांबवण्यासाठी शरीरात काही व्यवस्था असेल हा विचारही कधी मनात येत नाही. बंड्याच्या पायावर शेवटी घट्ट पट्टी बांधली. सोनोग्राफीसाठी पोटावरचे केस कापले होते. तिथे हाताच्या दाबानंसुद्धा संध्याकाळपर्यंत जांभळा डाग उमटला, पिकल्या जांभळाएवढा.

डॉक्टरांनी मग प्रश्न विचारायला सुरुवात केली. पहिलाच प्रश्न, "उंदराचं औषध कुठे ठेवलं होतं का?"

ह्या प्रश्नानं आमच्या सोसायटीत पुढचे चार दिवस गदारोळ माजला. कारण तळमजल्यावर, कचऱ्याच्या खोलीशेजारी, उंदीर मारायच्या निळ्या वड्या ठेवल्या होत्या हे सगळ्यांना माहीत होतं. कमिटीवाले म्हणत, वड्या कुलूपबंद डब्यात आहेत. कुत्रेवाले म्हणत, डब्याचं झाकण तुटलंय. कुत्री न आवडणारे म्हणत, मग कुत्र्यांना तिकडे नेता कशाला? मला त्या वेळी भांडणात भाग घेण्याची शक्ती नव्हती. पण उंदराच्या औषधाचा रक्ताशी काय संबंध, हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा मी आजार विसरून ऐकत बसले, इतकी ती गोष्ट मजेची आहे.

१९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गाईगुरं विचित्र तऱ्हेनं दगावू लागली. शिंगं कापली, खच्चीकरण केलं, बारीकशी जखम झाली की जनावराचं रक्त थांबायचंच नाही. फ्रँक स्कोफील्ड नावाच्या पशुवैद्यानं शोधून काढलं, की ओलसर राहून बुरशी आलेलं एक प्रकारचं गोड घास-गवत खाल्ल्यानं हे होतं. पुढे १९३३ च्या कडक हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली कालवड, ते गवत आणि न गोठलेल्या रक्तानं भरलेला दुधाचा कॅन घेऊन विद्यापीठात कार्ल लिंक या रसायनतज्ज्ञाच्या दारात येऊन उभा राहिला. लिंक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काही वर्षं खपून गवतातलं ते द्रव्य वेगळं काढलं. त्याच्याच एका भावंडाला 'वॉरफरिन' नाव देऊन १९४८ साली उंदीर मारण्यासाठी बाजारात आणलं. तेच वॉरफरिन पुढे माणसांच्या हृदयविकारात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिलं जाऊ लागलं. आमच्या सासऱ्यांनी शेवटची सहा वर्षं ते घेतलं. आम्ही तेव्हा ती उंदराच्या औषधाची सख्खी बहीण आहे हे त्यांना सांगितलं नव्हतं, आणि आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं.

हे औषध करतं काय, तर 'के' जीवनसत्त्वाचं काम बंद पाडतं. आणि 'के' जीवनसत्त्वाची गोष्ट आणखी निराळी. डेन्मार्कच्या हेन्रिक डामनं १९२९ च्या सुमारास कोंबडीच्या पिलांना स्निग्धांश नसलेला आहार देऊन पाहिला, तर त्या पिलांना जागोजागी रक्तस्राव होऊ लागला. आहारात स्निग्धांशाबरोबर येणारं काही तरी रक्त गोठवायला लागतं, असं त्यानं ताडलं आणि त्याला डॅनिश भाषेतल्या 'कोआगुलेशन' या शब्दाचं आद्याक्षर दिलं – 'के'. त्याला १९४३ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. म्हणजे कोंबड्या, गाई, उंदीर आणि मग माणसं. डॉक्टरांना म्हटलं, "यात कुत्रा कुठेच नाही." ते हसले. म्हणाले, "कुत्रा शेवटी येतो, आमच्या दवाखान्यात."

रक्त गोठण्याची क्रिया त्यांनी अशी सांगितली. रक्तवाहिनीला छेद गेला की आधी रक्तातल्या बारीक चपट्या पेशी, प्लेटलेट, तिथे चिकटून बूच बसवतात. पण ते बूच कच्चं असतं. पाण्याच्या नळाला फडकं बांधावं तसं. त्यावर धाग्यांचं जाळं विणलं गेलं की ते पक्कं होतं. हे जाळं विणायला रक्तात डझनभर घटक एकामागून एक कामाला लागतात. पहिला दुसऱ्याला जागवतो, दुसरा तिसऱ्याला. आणि यातले बहुतेक सगळे घटक तयार होतात यकृतात. त्यांतल्या चारांना तयार झाल्यावर 'के' जीवनसत्त्वाचा हात लागल्याशिवाय कामच करता येत नाही. 'के' स्निग्ध पदार्थांतून शोषलं जातं, आणि स्निग्ध पदार्थ पचायला पित्त लागतं. पित्तही यकृतच बनवतं. म्हणून यकृत बिघडलं की दोन्हीकडून कोंडी. कारखाना मंदावतो आणि कच्चा मालही पोचत नाही.

बंगळूरात कुत्र्याच्या अंगावर जांभळे डाग दिसले की पहिला संशय गोचीडतापावर जातो. त्यात प्लेटलेट झपाट्यानं घसरतात. बंड्याच्या प्लेटलेट थोड्या कमी होत्या, पण घाबरण्याइतक्या नाहीत. उंदराच्या औषधानं सहसा कावीळ होत नाही आणि यकृताचे आकडे इतके चढत नाहीत. बंड्याचे आकडे पाचपट-सहापट होते. सोसायटीच्या निळ्या वड्या अशा रीतीनं निर्दोष सुटल्या. डब्याला नवं झाकण मात्र बसलं.

आणखी प्रश्न झाले. लेप्टोस्पायरोसिसची लस दरवर्षी दिली आहे का? दिली होती. पावसाळ्यात उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून हा रोग कुत्र्याला आणि माणसालाही होतो, आणि यकृत-मूत्रपिंड दोन्ही धरतो. घरातलं पॅरासिटामॉल, ब्रुफेन काही दिलं का? नाही. बुरशी लागलेले शेंगदाणे, मका, जुनं झालेलं कुत्र्याचं खाणं? ह्यावर डॉक्टर जरा जास्त वेळ थांबले. बुरशीतून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन हे विष थेट यकृतावर जातं आणि कुत्र्यांना ते फार लवकर बाधतं. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागातल्या आदिवासी खेड्यांत अशी साथ आली होती. अवेळी पावसानं भिजलेला मका लोकांनी खाल्ला. सुमारे चारशे माणसांना कावीळ आणि जलोदर झाला, शंभरावर माणसं मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं तपास केला तेव्हा लक्षात आलं, की त्याच घरांतल्या कुत्र्यांनाही तोच आजार झाला होता. घरातलं उरलेलं कुत्र्याच्या वाट्याला येतं, तेव्हा घरातलं विषही त्याच्या वाट्याला येतं. आमच्या घरात तशी काही बुरशी सापडली नाही.

डॉक्टरांनी 'के' जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं, तेही कातडीखाली. स्नायूत दिलं तर तिथेच रक्त साचेल आणि शिरेतून दिलं तर एखाद्या कुत्र्याला जोरात ॲलर्जी येऊ शकते, म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त तपासलं. ह्या तपासणीत रक्ताच्या पातळ भागात एक द्रव्य घालून तो किती सेकंदांत गोठतो हे मोजतात. आदल्या दिवशी बंड्याला नेहमीच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागला होता. इंजेक्शनानंतर तो कमी झाला, पण पूर्ववत झाला नाही. डॉक्टर म्हणाले, "अर्धं उत्तर मिळालं. 'के' कमी पडत होतं, हे खरं. पण कारखान्यातच बिघाड आहे, हेही खरं. आता आत काय चाललंय हे यकृताचा तुकडा काढून पाहिल्याशिवाय कळायचं नाही."

आता पेच असा, की ज्या यकृताच्या आजारामुळे रक्त थांबत नाही, त्याच यकृतात सुई घालायची. मी विचारलं, "नाही केलं तर?" ते म्हणाले, "तर अंदाजानं औषधं देऊ. कदाचित लागू पडतील." आणखीही एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला पहिल्यांदा उलटीच वाटली. रक्त गोठवणारे घटक जसे यकृत बनवतं, तसेच रक्त गोठू नये म्हणून लगाम घालणारे घटकही तेच बनवतं. यकृताच्या रोग्यात दोन्ही घटतात. त्यामुळे अशा कुत्र्याला कधी रक्तस्राव होतो, तर कधी नेमकी उलट, यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी होऊन बसते. तराजूच्या दोन्ही पारड्यांतलं वजन कमी झालं आहे. काटा मधोमध दिसला तरी जरा धक्का लागला की कुठल्याही बाजूला जाईल. कागदावरचे आकडे पाहून कुठला कुत्रा रक्ताळेल हे नक्की सांगता येत नाही, असं ते सरळ म्हणाले. मला त्यांचं हे सरळ बोलणं आवडलं. गोड बोलून निर्णय आपल्या पदरात टाकणारे डॉक्टर मी माणसांच्या दवाखान्यात खूप पाहिले आहेत.

त्या रात्री घरात दोन मतं पडली. हे म्हणाले, खर्चाचं सोड, पण त्याला सुखानं राहू दे. सासूबाई काही बोलल्या नाहीत. मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, त्याला विचारता येत नाही, म्हणून आपण जास्त विचार करतोय." पहाटे बंड्याला काळी, डांबरासारखी शी झाली. आतड्यात रक्त गेलं की ते पचून असं काळं होऊन बाहेर पडतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. कुठे तरी झिरपणं सुरू होतं. मी सकाळी सहाला फोन करून तपासणीला होकार कळवला.

पण त्याआधी प्लाझ्मा हवा. दुसऱ्या कुत्र्याच्या रक्तातला पातळ भाग, ज्यात गोठवणारे घटक तयार असतात. एका कुत्र्याचं रक्त दुसऱ्याला देणं ही काही आजकालची गोष्ट नाही. १६६६ च्या नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल सोसायटीत सगळ्यांसमोर हा प्रयोग झाला होता. माणसांच्या रक्तपेढ्या सोडा, त्यांच्या कल्पनेच्याही फार आधी. आज चेन्नईच्या मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्राण्यांची रक्तपेढी आहे. पण आपल्या देशात अजून बहुतेक वेळा कुत्र्याला रक्त हवं असलं की मालकालाच रक्त देणारा कुत्रा शोधावा लागतो. त्याच्या अटीही ठरलेल्या. वय एक ते सात-आठ वर्षं, वजन पंचवीस किलोच्या वर, लसी झालेल्या, गोचीडतापाची तपासणी केलेली, आणि ज्याला स्वतःला कधी रक्त चढवलेलं नाही असा. कुत्र्यांतही रक्तगट असतात. पण माणसासारखे दुसऱ्या गटाविरुद्धचे तीव्र प्रतिपिंड कुत्र्याच्या रक्तात जन्मापासून सहसा नसतात, म्हणून पहिल्या वेळी बहुधा निभावतं. दुसऱ्या वेळी मात्र गट जुळवावाच लागतो.

पंचवीस किलोच्या वरचा कुत्रा शोधताना आपल्याला आपले शेजारी नव्यानं दिसतात. कोण 'आमच्या शेरूला सुईची भीती' म्हणतं, कोण दारच उघडत नाही. सातव्या मजल्यावर मंगळूरकडच्या एक विधवा बाई राहतात. कोंकणी बोलतात, मी मराठी, त्या कोंकणी, आणि आमचं दोघींचं छान चालतं. त्यांचा प्रिन्स हा जर्मन शेफर्ड, अडतीस किलोचा. निळ्या वड्यांच्या भांडणात त्या कमिटीच्या बाजूनं होत्या, त्यामुळे मी त्यांच्याकडे सर्वांत शेवटी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ताका दुखतलें?" म्हटलं, "सुईइतकंच." त्या आत गेल्या आणि प्रिन्सचा पट्टा घेऊनच बाहेर आल्या.

प्रिन्सला एका कुशीवर झोपवलं. बाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. दहा-बारा मिनिटांत पिशवी भरली, साधारण साडेचारशे मिलिलिटर. उठून त्यानं आधी दवाखान्यातली बिस्किटं संपवली आणि मग बंड्याचा पिंजरा हुंगला. प्लाझ्मा वेगळा काढून बंड्यासाठी ठेवला. राहिलेल्या लाल पेशी त्याच दिवशी गोचीडतापानं पांढऱ्याफटक पडलेल्या एका पिलाला दिल्या. त्या पिलाचं पुढे काय झालं ते विचारायचं माझं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. आधी ओठाच्या आतल्या बाजूला बारीकशी चीर देऊन रक्त किती वेळात थांबतं ते घड्याळ लावून पाहिलं. ही परीक्षा प्लेटलेटची. चार मिनिटांच्या आत थांबलं. मग सलाइनसारखा प्लाझ्मा सुरू केला आणि तो चालू असतानाच सोनोग्राफीवर पाहत यकृतात सुई घातली. शेवयांच्या तुकड्याएवढे तीन तुकडे निघाले. ह्या घटकांमधला एक घटक शरीरात जेमतेम काही तासच टिकतो, म्हणून आदल्या दिवशी प्लाझ्मा देऊन उपयोग नव्हता. नंतरची रात्र आम्ही दोघं दवाखान्याच्या बाकावर बसून काढली. दर दोन तासांनी हिरड्यांचा रंग, पोटाचा घेर आणि एक थेंब रक्त. मध्यरात्री दोन वाजता पोटात थोडं रक्त उतरलेलं दिसलं. तासाभरानं पाहिलं तर तेवढंच. आणखी तासाभरानंही तेवढंच. डॉक्टर म्हणाले, "गोठलं." तो एक साधा शब्द मराठीत आपण तुपासाठी वापरतो. मी तो इतक्या आनंदानं कधी ऐकला नव्हता.

अहवाल नऊ दिवसांनी आला. यकृताला दीर्घ मुदतीची सूज आणि पेशींमध्ये तांबं साचलेलं. तुकड्यांना विशिष्ट रंग दिला की साचलेलं तांबं लालसर ठिपक्यांसारखं सूक्ष्मदर्शकात दिसतं. लॅब्राडोर जातीत हे आढळतं. जन्मतः तांबं बाहेर टाकण्याची ताकद कमी, त्यात खाण्यातून येणाऱ्या तांब्याची भर. हे मोठ्यानं वाचत होते. सासूबाई गवार मोडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"तांबं? यकृतात?"

मग त्यांनी आम्हाला कधीही न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्यांच्या पाठचा भाऊ, बाळ्या, दीड वर्षाचा होऊन गेला. पोट मोठं झालं होतं, डोळे पिवळे, आणि शेवटी नाकातून रक्त यायचं ते थांबायचं नाही. साल त्यांना आठवत नाही, त्या पहिलीत होत्या. "आईला दूध नव्हतं," त्या म्हणाल्या. "वरचं दूध पितळीत तापवून तसंच ठेवायचो. कल्हईवाला वर्षातून एकदा यायचा."

कल्हईवाला आता कुणाला आठवत असेल? भाता, निखारे, नवसागराचा तो नाकात शिरणारा धूर आणि फडक्याच्या एका फटकाऱ्यात चांदीसारखं चकाकणारं पातेलं. पितळेत तांबं असतं. कल्हई गेली की ते दुधात उतरतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर नेमकं यावरच काम केलं होतं. लहान मुलांचा हा यकृताचा आजार तेव्हा आपल्याकडे घराघरांत माहीत होता, आणि त्या मुलांच्या यकृतात तांब्याचं प्रमाण अतोनात सापडायचं. तान्हेपणापासून पितळी-तांब्याच्या भांड्यातलं वरचं दूध हे त्याचं कारण असावं, असा त्यांचा निबंध १९८३ साली 'लॅन्सेट' साप्ताहिकात आला. स्टीलची भांडी आली, लोकांना सांगितलं गेलं, आणि तो आजार जवळजवळ नाहीसा झाला. तांबं बाहेर काढण्यासाठी ह्या मुलांवर त्यांनी वापरलेलं औषध पेनिसिलामाइन. बंड्याच्या चिठ्ठीवर तेच नाव होतं.

बाळ्याला तोच आजार होता की आणखी काही, हे आता कोण सांगणार? मी सासूबाईंना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "मला काय सांगायचंय ते मी सांगितलं." आणि उठून त्यांनी स्वयंपाकघरातल्या तांब्याच्या हंड्यातलं बंड्याच्या वाडग्यात ओतलेलं पाणी सिंकमध्ये टाकलं. डॉक्टरांनी हंड्याला दोष दिला नव्हता. मुख्य दोष रक्तातून आलेला. पण तेव्हापासून बंड्याचं पाणी स्टीलच्या पातेल्यात असतं. हंड्याला त्यांनी चिंच लावून घासलं आणि माळ्यावर चढवलं.

गोळी उपाशी पोटी द्यायची, जेवणाआधी अर्धा-पाऊण तास. पहिले पंधरा दिवस बंड्या ती ओकायचा. मग डोस विभागून दिला तेव्हा पोटात राहिली. मटणाची कलेजी कायमची बंद, ती तांब्यानं भरलेली असते. भात, अंडं, पनीर, दुधीभोपळा. महिन्याभरात डोळे पांढरे झाले. रक्त गोठायचा वेळ तीन महिन्यांत पूर्ववत आला. आता तपासणीला नेलं की डॉक्टर सुई काढतात, कापूस लावतात आणि आम्ही सगळे त्या कापसाकडे बघत उभे राहतो. दीड मिनिट लागतं.

२०२५ साली केंद्र सरकारच्या पशुपालन खात्यानं प्राण्यांचं रक्त कसं घ्यावं, तपासावं, साठवावं याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. सूचना निघाल्या म्हणजे उद्या सकाळी व्हाइटफील्डला पिशवी मिळेल असं नव्हे. म्हणून आमच्या इमारतीत सासूबाईंनी त्यांच्या पद्धतीनं एक वही घातली आहे. त्यात अकरा कुत्र्यांची नावं, वजनं, लसींच्या तारखा आणि मालकांचे फोन, सगळं मराठीत. पहिलं नाव प्रिन्सचं. त्यानं आतापर्यंत तीनदा रक्त दिलं आहे. दर वेळी मध्ये काही महिने जाऊ देतात. वरतूर तलावाच्या बाजूनं, होप फार्मकडून रात्री-अपरात्री फोन येतात. सासूबाई चष्मा लावून वही उघडतात आणि मोडक्या हिंदीत विचारतात, "आपका कुत्ता कितना किलो? पहले कभी खून चढ़ाया क्या?"

बंड्याचं नाव त्या वहीत नाही. ज्याला एकदा रक्त किंवा प्लाझ्मा चढवला, त्याचं रक्त घेत नाहीत.